माळशिरस तालुक्यातील मोबाइल सेवेची मागणी, २०२५ ते २०३० : प्रकल्प नोंदी

२ जून २०२५

आमच्या महाविद्यालयाच्या संख्याशास्त्र विभागाने या वर्षीच्या प्रकल्पाला आज सुरुवात केली. माळशिरस तालुक्यात पुढील पाच वर्षांत मोबाइल सेवेची मागणी किती, कोणत्या गावांत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी असेल, याचा अंदाज आम्हांला बांधायचा आहे. हा तालुका निवडला तो केवळ जवळचा आहे म्हणून नाही. नीरा उजव्या कालव्याखालचा ऊसपट्टा आणि त्याला लागून असलेली कोरडवाहू गावे, आषाढीच्या तोंडावर तालुक्यातून जाणाऱ्या ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या, आणि गाळप हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या ऊसतोड टोळ्या, असे मागणीचे अगदी वेगवेगळे प्रकार येथे एकाच हद्दीत सापडतात.

विद्यार्थ्यांनी पहिल्याच बैठकीत ट्रायचे, म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे, मासिक अहवाल आणले. ते उपयोगी आहेत, पण त्यांतील सर्वांत लहान एकक सेवाक्षेत्र हे आहे. देशाची अशी २२ सेवाक्षेत्रे असून आपल्या ‘महाराष्ट्र’ सेवाक्षेत्रात गोवा येतो, मात्र मुंबई, नवी मुंबई आणि कल्याण येत नाहीत. म्हणजे सावंतवाडीपासून गडचिरोलीपर्यंतचा आकडा एकच. त्यातून तालुका वेगळा काढायचा, तर तो लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून चालणार नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. अहवालात मोजली जातात ती सिमकार्डे. दिल्लीत दर शंभर माणसांमागे दोनशेहून अधिक जोडण्या आहेत आणि बिहारमध्ये साठसुद्धा नाहीत. यावरून दिल्लीच्या माणसाला बिहारच्या माणसापेक्षा तिपटीने बोलायचे असते, असे कोणी म्हणणार नाही. त्यामुळे ‘मागणी’ या शब्दाची व्याख्या ठरल्याशिवाय एकही आलेख काढायचा नाही, असे ठरले.

१० जून २०२५

मागील अंदाज कसे चुकले, याचे वाचन गेला आठवडाभर चालू होते. १९८०च्या सुमारास एटी अँड टी या अमेरिकी कंपनीला एका नामांकित सल्लागार संस्थेने असे सांगितले होते की, २००० सालापर्यंत अमेरिकेत सुमारे ९ लाख मोबाइल ग्राहक असतील. प्रत्यक्षात ती संख्या १० कोटींच्या पुढे गेली. हे उदाहरण सर्वत्र सांगितले जाते, पण आमच्या कामाला आपल्याच देशाचा इतिहास अधिक जवळचा वाटला, कारण येथे एकाच दशकात दोन्ही बाजूंनी चुका झाल्या.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीत केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांना देशातील पहिला मोबाइल कॉल केला. त्या काळी गर्दीच्या वेळी एका मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत दर होता, आणि आलेल्या कॉलचेही पैसे ग्राहकालाच द्यावे लागत. या दराने मोबाइल घेणारे पुरेसे लोक मिळतील, असे गृहीत धरून कंपन्यांनी मोठमोठ्या रकमांच्या बोली लावून परवाने घेतले. ग्राहक मिळाले नाहीत आणि परवाना शुल्क थकले. शेवटी १९९९च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठराविक शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. ही जास्त धरल्याची चूक झाली.

त्याच धोरणाने दूरध्वनी घनतेचे, म्हणजे दर शंभर माणसांमागे असणाऱ्या दूरध्वनींचे, लक्ष्य २००५ साठी ७ आणि २०१० साठी १५ असे ठरवले, ग्रामीण भागासाठी २०१० चे लक्ष्य ४ होते. २००५ च्या अखेरीस घनता अकराच्या पुढे होती आणि मार्च २०१० मध्ये ती ५२ च्या पुढे गेली. ग्रामीण घनताही चोविसाच्या आसपास आली होती. ही कमी धरल्याची चूक. मधल्या काळात काय घडले? कॉलचे दर उतरले, २००३ च्या मे महिन्यापासून येणारे कॉल मोफत झाले, हातातला संच स्वस्त झाला आणि दहा-वीस रुपयांचे रिचार्ज कोपऱ्यावरच्या दुकानात मिळू लागले. माणसे तीच होती आणि त्यांची गरजही तीच होती. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते : आजच्या दराला जे ग्राहक दिसतात त्यांनाच एकूण मागणी मानले गेले.

त्याआधीच्या काळात मागणी मोजण्याचे साधन म्हणजे लँडलाइनची प्रतीक्षा यादी. १९९४ च्या धोरणात ‘मागेल त्याला दूरध्वनी’ १९९७ पर्यंत मिळावा, असे उद्दिष्ट होते. पण मागणे म्हणजे अर्ज करणे, आणि अर्ज करायला अनामत रक्कम, कायमचा पत्ता आणि वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी लागत असे. मला लहानपणी वडिलांबरोबर एसटीडी बूथवर रात्री उशिरा रांगेत उभे राहिल्याचे स्पष्ट आठवते, कारण रात्री दर कमी होत. त्या रांगेतील बहुतेकांनी लँडलाइनसाठी अर्ज केलेलाच नसणार. काचेच्या खोक्यामागे लाल आकडे पुढे सरकताना पाहत, हातातल्या नोटेच्या हिशेबाने वाक्ये आखडती घेणारी ती माणसे खरीखुरी मागणी होती. यादीत मात्र ती कधीच आली नाहीत. हा प्रकल्प करताना आम्हांला शोधायचे आहे ते आजच्या यादीबाहेरचे कोण, हे.

१७ जून २०२५

प्रमाण काढताना ज्या लोकसंख्येने भागायचे, तो छेद ठरवण्यात आजचा दिवस गेला. जनगणनेची अधिसूचना काल निघाली असून संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ही आहे. म्हणजे आमच्या अंदाजाच्या पहिल्या दोन वर्षांत तरी २०११ च्या आकड्यांवर बेतलेल्या लोकसंख्येच्या अंदाजावरच विसंबावे लागेल. चौदा वर्षांत तालुक्यातील तरुण पुणे आणि पिंपरी-चिंचवडकडे किती गेले, याची दुरुस्ती गावनिहाय करावी लागणार आहे.

२०११ च्या जनगणनेत देशातील ६३.२ टक्के कुटुंबांकडे दूरध्वनी होता आणि एकूण कुटुंबांपैकी ५३.२ टक्क्यांकडे केवळ मोबाइल होता, अशी नोंद आहे. प्रश्न कुटुंबाला विचारला गेला होता, व्यक्तीला नाही. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल असे वाटते, म्हणून येथे लिहून ठेवतो.

२५ जून २०२५

नवी वस्तू समाजात कशी पसरते, याच्या वक्रांवर दोन दिवस वर्ग घेतला. फ्रँक बास यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या प्रतिमानात (गणिती मॉडेलमध्ये) ग्राहक दोन कारणांनी येतात : काही जण स्वतःहून आणि काही जण इतरांचे पाहून. मोबाइलच्या बाबतीत दुसरे कारण फार प्रबळ असते, कारण ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्याकडे फोन आला की आपल्यालाही त्याचा उपयोग वाढतो. लॉजिस्टिक आणि गोम्पर्ट्झ हे आधी सावकाश, मग वेगाने चढणारे आणि शेवटी कमाल मर्यादेशी संथ होणारे वक्रही आम्ही पाहिले. लॉजिस्टिकमध्ये ग्राहकसंख्या कमाल मर्यादेच्या निम्म्यावर आल्यावर वाढीचा वेग मंदावू लागतो; गोम्पर्ट्झमध्ये ते वळण सुमारे ३७ टक्क्यांवरच येते.

विद्यार्थ्यांना एक प्रयोग करायला दिला. मार्च १९९९ मध्ये देशात सुमारे १२ लाख मोबाइल ग्राहक होते. तेथून २००३ पर्यंतचेच आकडे घ्या आणि लॉजिस्टिक वक्र बसवा, असे सांगितले. प्रत्येकाची कमाल मर्यादा वेगळी आली. आरंभीचे मूल्य थोडे बदलले की ती दुपटीने किंवा चौपटीने हलत होती, आणि वक्र मात्र प्रत्येक वेळी दिलेल्या बिंदूंवर चपखल बसत होता. गणिताने हे असेच होणार. वळण येण्याआधी लॉजिस्टिक वक्र घातांकी वाढीसारखाच दिसतो आणि त्या वाढीत छप्पर, म्हणजे ती कमाल मर्यादा, कोठे आहे याची माहितीच नसते. दिलेल्या बिंदूंवर वक्र छान बसला म्हणून त्यावर विश्वास ठेवू नये, ही गोष्ट फळ्यावर सांगून जेवढी पटली नसती तेवढी त्यांना आज स्वतःच्या हाताने पटली.

यातून निर्णय असा निघाला की, छप्पर वक्रातून काढायचे नाही. ते माणसे मोजून, बाहेरून ठरवायचे.

५ जुलै २०२५

या आठवड्यात दोन्ही पालख्या तालुक्यातून पुढे गेल्या. आमचे तीन गट नातेपुते, अकलूज आणि वेळापूर येथे होते. आम्ही मनोऱ्यांतील आकडे पाहू शकत नाही, ते कंपन्यांकडे असतात. म्हणून ठरलेल्या ठिकाणांवरून दर पंधरा मिनिटांनी एक कॉल लावून तो लागला की नाही एवढेच टिपले. मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी समाजआरतीच्या सुमारास कॉल लागणे जवळपास थांबते आणि रात्री दिंड्यांच्या राहुट्यांत निजानीज झाली की पुन्हा सुरळीत होते. तात्पुरते फिरते मनोरे उभे केलेल्या जागी अनुभव बरा होता.

गर्दी दुप्पट झाली तर अडचण दुप्पट होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो एर्लांगच्या सूत्राने खोटा ठरतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एर्लांग यांनी १९१७ मध्ये प्रसिद्ध केलेले, किती वाहिन्यांवर किती कॉल अडतील हे सांगणारे हे सूत्र अजूनही चालते. जुन्या जीएसएम पद्धतीच्या मनोऱ्याच्या एका बाजूला बोलण्यासाठी १४ वाहिन्या आहेत असे समजू, आणि सर्वाधिक गर्दीच्या तासात प्रत्येक माणूस सरासरी दीड मिनिट बोलतो असे धरू. शंभरात दोनच कॉल अडले तर चालेल, असे मानले तर त्या वाहिन्या सुमारे ३२८ माणसांना पुरतात. आता माणसे दुप्पट करा. अडणाऱ्या कॉलांचे प्रमाण दोनाचे चार होत नाही, ते सत्तावीसच्या जवळ जाते. शिवाय ज्याचा कॉल अडतो तो लगेच पुन्हा लावतो, त्यामुळे प्रत्यक्ष स्थिती सूत्राहून वाईट असते. याच सूत्राची दुसरी बाजू अशी की, ७ वाहिन्या ११७ माणसांना पुरतात आणि १४ वाहिन्या त्यांच्या दुपटीहून बऱ्याच अधिक, म्हणजे वर सांगितलेल्या ३२८ माणसांना. तुटपुंजी क्षमता वेगवेगळ्या ठिकाणी विखुरण्यापेक्षा एकत्र वापरली तर अधिक लोकांना पुरते.

आजची चौथ्या पिढीची सेवा बोलणेही डेटाच्या रूपानेच वाहते, त्यामुळे वाहिन्यांचा हिशेब जसाच्या तसा लागू होत नाही. पण गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की सेवा हळूहळू न खालावता एकदम ढासळते, हे तिलाही लागू आहे. म्हणून अंदाजात वार्षिक सरासरी देण्याऐवजी तालुक्यातील प्रत्येक महसूल मंडळासाठी सर्वाधिक गर्दीचा तास द्यावा लागेल.

नोंद करण्यासारखी आणखी एक गोष्ट. वेळापूरला एका दिंडीतील आजींनी आमच्या विद्यार्थिनीकडून मुलाला फोन लावून घेतला. नंबर त्यांनी पिशवीतल्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून आणला होता, स्वतःचा फोन नव्हता. कॉल तिसऱ्या प्रयत्नाला लागला. “पोचले रे वेळापुरात, पाय बरे हायेत,” एवढे बोलून त्यांनी फोन परत दिला. हा कॉल आमच्या विद्यार्थिनीच्या खात्यावर पडला.

१२ ऑगस्ट २०२५

अकलूजमधील एका रिचार्जच्या दुकानात, मालकांच्या परवानगीने, तीन दिवस संध्याकाळी बसलो. ऑनलाइन रिचार्ज इतके वाढले असताना येथे कोण येत असेल, अशी मला शंका होती. गर्दी पाहून ती फिटली. शेतमजूर, म्हातारी माणसे, आणि ज्यांच्या घरातील फोनवर पैसे भरण्याची सोय मुलाकडे आहे आणि मुलगा बाहेरगावी आहे, असे अनेक जण येथेच येतात. दुकानदार उधारीची वही ठेवतात. तिच्यात नाव, नंबराचे शेवटचे चार आकडे आणि मुदत संपण्याची तारीख असते. मुदत २८ दिवसांची असली की वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज लागतात, हे त्यांनी मला न विचारता सांगितले. (ट्रायने जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीला किमान एक तीस दिवसांचा पर्याय ठेवायला सांगितले, पण दुकानातील लोक बहुधा सवयीचाच पर्याय घेतात.)

त्या वहीत एक गोष्ट वारंवार दिसली. मुदत संपल्यावर लगेच रिचार्ज होत नाही; आठ-दहा दिवस मधे जातात. त्या दिवसांत फोन खिशात असतो, सिम चालू ग्राहकांच्या यादीत असते आणि माणूस मात्र कॉल करू शकत नाही. “पगार झाला की मारू,” हे वाक्य तीन दिवसांत मी कितीदा तरी ऐकले. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले, त्यानंतरच्या काही महिन्यांत देशातील मोबाइल ग्राहकांची संख्या घटली होती. त्या घटीत अनेकांनी दुसरे सिम सोडले असणार. पण या वहीतील फटी त्या घटीतही येत नाहीत, कारण येथे सिम सोडलेलेच नाही. मागणी आहे आणि दराने ती दर महिन्याला काही दिवस दाबली जाते. आमच्या प्रतिमानात याला ‘खंडित दिवस’ असे स्वतंत्र चल म्हणून घेतले आहे.

२ सप्टेंबर २०२५

जुन्या आकड्यांवर चाचणी. जून २०१२ मध्ये देशात ९३.४ कोटी मोबाइल जोडण्या होत्या, डिसेंबरअखेर त्या ८६.५ कोटींवर आल्या. कंपन्यांनी न वापरलेली सिमे यादीतून काढली, एवढेच कारण. हे आकडे न तपासता घेतले की प्रतिमान ‘मागणी घसरली’ असे सांगते. म्हणून ट्राय जे प्रत्यक्ष कार्यरत ग्राहक वेगळे देते तेच आकडे वापरायचे, आणि ज्या वर्षांसाठी ते नाहीत ती वर्षे वगळायची.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यानंतरच्या सहा महिन्यांत त्या एका कंपनीने १० कोटींहून अधिक ग्राहक मिळवले. तो उसळलेला भाग कोणत्याही वक्राने आधी सांगितला नसता. अशा धक्क्यांसाठी अंदाजाला तीन दर गृहीत धरायचे ठरवले : आहे तसा, वाढलेला आणि निम्म्यावर आलेला.

१४ ऑक्टोबर २०२५

शेतातील एक प्रकार आमच्या लक्षातच आला नव्हता. माळीनगरच्या बाजूच्या एका विद्यार्थ्याने सांगितले की त्यांच्या विहिरीवरच्या पेटीतही एक सिम आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहिले. मोटारीच्या स्टार्टरशेजारी हाताच्या पंजाएवढा डबा, त्याला बाहेर काढलेली छोटी अँटेना आणि आत साधे सिमकार्ड. लोक याला ‘मोबाइल स्टार्टर’ म्हणतात. शेतीपंपाला वीज रात्रीची असली की पूर्वी साप-किरडाच्या भीतीने बॅटरी घेऊन रानात जावे लागे. आता घरातून त्या नंबरला कॉल लावला की पेटी उत्तर देते, वीज आली आहे की नाही ते सांगते आणि एक आकडा दाबला की मोटार चालू होते.

यंत्रांसाठी देशात १३ आकडी क्रमांकांची स्वतंत्र व्यवस्था आहे, पण या पेट्यांत बहुतेक ठिकाणी दुकानातून घेतलेले नेहमीचे सिम असते आणि ते शेतकऱ्याच्या नावावर असते. म्हणजे यादीत तो माणूस दोनदा मोजला जातो. याचा दोन्ही बाजूंनी विचार करावा लागतो. माणसांच्या संख्येतून ही सिमे वजा करायला हवीत. पण गर्दीच्या तासात ती मिळवायला हवीत, कारण एका वीजवाहिनीवरचा (फीडरवरचा) पुरवठा सुरू झाला की त्या परिसरातील सर्व पेट्यांना पाच-दहा मिनिटांच्या आत कॉल जातात. रात्री वीज येण्याची वेळ दर आठवड्याला बदलते, तसा हा कळसही सरकतो. पंपाच्या विजेचे वेळापत्रक हे मोबाइलच्या मागणीचे एक कारण असेल, असे जूनमध्ये कोणी म्हटले असते तर मी ते मानले नसते.

१८ नोव्हेंबर २०२५

गाळप सुरू झाले आहे. काल आणि आज संध्याकाळी ऊसतोड कामगारांच्या दोन तळांवर गेलो. बीड जिल्ह्यातून आलेल्या टोळ्या, उसाच्या पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या कोप्या, मधे बैलगाड्या. पहिल्या तळावर मुकादमांनी सांगितले की प्रत्येक कोयत्याकडे फोन आहे. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यांचे म्हणणे खरेच होते, आणि आमच्या तक्त्यात आम्ही ‘शंभर टक्के’ असे लिहिलेही.

दुसऱ्या तळावर अंधार पडल्यावर पोहोचलो. गाड्या भरून कारखान्यावर गेल्या होत्या. वजनकाट्याच्या रांगेत नंबर लागेपर्यंत मध्यरात्र होते. तळावर बहुतेक बायका आणि लहान मुले होती. एका बाईंनी चुलीपुढे बसून भाकरी थापताथापता सांगितले की थोरली मुलगी शाळेसाठी गावी आजीकडे आहे, तिला ताप आहे असे दुपारी कळले. आता कशी आहे? “त्यांच्या खिशात हाय फोन. ते कारखान्यावर.” पुढे त्यांनी असेही सांगितले की दिवसा फोन फडात असतो, तेव्हा तेथे रेंज असते, तळ ओढ्याच्या खोलगटीत आहे, तेथे एका बाभळीपाशीच मिळते. फोन भरायचा तर वस्तीवरच्या टपरीत पैसे देऊन भरावा लागतो, कारण कोपीत वीज नाही.

विद्यार्थिनीने आपला फोन दिला. बाभळीपाशी जाऊन त्यांनी आजीशी बोलून घेतले. ताप उतरला होता.

परत येताना आम्ही फारसे बोललो नाही. आमचे ‘शंभर टक्के’ कोयत्याला लागू होते, त्या बाईंना नव्हते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत, १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी स्वतः वापरता येईल असा मोबाइल असणाऱ्या देशभरात सुमारे ५४ टक्केच होत्या, ग्रामीण भागात निम्म्याहूनही कमी. हा आकडा मी जुलैपासून तक्त्याच्या तळटीपेत ठेवला होता. तो तेथे असायला नको होता. पुढील पाच वर्षांत नवी मागणी कोठून येईल याचे उत्तर त्या एका आकड्यात जेवढे आहे तेवढे आमच्या सर्व वक्रांत मिळून नाही.

शिवाय हे सर्व लोक बीडहून माळशिरसला आले तरी सेवाक्षेत्र एकच, त्यामुळे मासिक अहवालात या स्थलांतराचा मागमूसही लागत नाही. पाच महिने तेथील गावे रिकामी आणि येथील ओढ्याकाठ भरलेला, असे असताना राज्याचा आकडा जागचा हलत नाही.

२९ नोव्हेंबर २०२५

तक्त्याची रचना आज पुन्हा केली. ओळी आता सिमकार्डांच्या नाहीत, दहा वर्षांवरील व्यक्तींच्या आहेत, आणि स्त्री-पुरुष वेगळे आहेत. प्रत्येक गावासाठी स्वतःचा फोन असणारे, घरातील दुसऱ्याचा वापरणारे आणि कोणाचाही नियमित न मिळणारे असे तीन गट. त्यांच्यापुढे खंडित दिवस. त्यापुढे सर्वाधिक गर्दीचा तास. पंपाच्या पेट्या स्वतंत्र. ऊसतोड तळांसाठी नोव्हेंबर ते मार्च अशी हंगामी ओळ, आणि पालखीमार्गावरील गावांसाठी एका आठवड्याची. तीन दर धरून प्रत्येक ओळीला वरची आणि खालची मर्यादा असेल. एकच नेमका आकडा कोठेही छापायचा नाही, यावर सर्वांचे एकमत झाले.

प्रश्नावलीतील पहिला प्रश्न, “घरात मोबाइल आहे का?” हा काढून टाकला. त्याजागी आता असा प्रश्न आहे : “गेल्या आठ दिवसांत तुम्हांला स्वतःला कोणाशी बोलायचे होते आणि बोलता आले नाही, असे किती वेळा झाले? कशामुळे?” कारणांसाठी फोन जवळ नव्हता, रिचार्ज नव्हते, रेंज नव्हती, चार्जिंग नव्हते आणि लाइन व्यस्त होती अशी पाच घरे आखली आहेत. उत्तर कुटुंबप्रमुखाकडून न घेता त्या त्या व्यक्तीकडूनच घ्यायचे.

नवे छापील नमुने सोमवारी मिळतील. दुसऱ्या तळावर विद्यार्थिनींचा गट मंगळवारी जाईल, संध्याकाळी सातनंतर, गाड्या कारखान्याकडे निघून गेल्यावर. सोबत चार्ज करण्यासाठी दोन पॉवर बँक न्यायच्या आहेत.